स्विचपाशी कोण उभं होतं?

४ फेब्रुवारी

भिंगरी,

फोन करणार होतो, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस आणि दुसऱ्या मिनिटाला मामीची तब्येत विचारतेस. कागदावर तसं निसटता येत नाही, म्हणून लिहितोय. डोकं फिरलंय माझं.

आज सकाळी आमच्या सर्व्हिस ऑफिसच्या भिंतीवर दाराएवढा कागद लावला. कंपनीची नवी रचना. नुसत्या चौकटी आणि चौकटींना जोडणाऱ्या रेघा, काही सरळ, काही तुटक. मी मॅनेजरला विचारलं, तुटक रेघ म्हणजे काय? तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्यांच्या हाताखाली आहात, पण तसे नाही." मी म्हटलं, "साहेब, सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. तुटका दोर दिसला की आम्ही लिफ्ट बंद करतो." सगळे हसले. तो सोडून.

हसण्यासारखं तेवढंच. एक मार्चपासून जोड्या बंद. एक माणूस, एक इमारत.

तुमच्या हेड ऑफिसात लिफ्ट म्हणजे बटण दाबलं की येते ती, म्हणून नीट सांगतो. आमच्यातला एक जण लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा राहून काम करतो. चारी बाजूंनी भिंती, हलायला जागा नाही. दुसरा वर मशीनरूममध्ये मेन स्विच बंद करून त्याच्यापाशी उभा राहतो. टपावरचा ओरडतो "बंद?", वरचा ओरडतो "बंद", तेव्हा कुठे टपावरचा हात घालतो. एकोणीस वर्षं मी आणि लांब्या असेच काम करतोय. लांब्या म्हणजे माझा जोडीदार, तुझ्या मामीच्या भाषेत माझी दुसरी बायको. सहा फूट दोन इंच. टपावर तो, स्विचपाशी मी.

आणि त्या कागदाखाली लिहिलंय: "स्विचपाशी थांबणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ अनुत्पादक आहे." अनुत्पादक! म्हणजे एकोणीस वर्षं मी फुकट उभा होतो. बरोबर आहे, माझ्या उभं राहण्यातून काहीच उत्पन्न झालं नाही. लांब्या फक्त जिवंत राहिला.

मला 'क्षेत्र समन्वयक' केलंय. हाताखाली अकरा माणसं, बावीस इमारती आणि एक टेबल. मामीने विचारलं, समन्वयक काय करतो? म्हटलं, बसतो.

तू त्याच कंपनीत, मनुष्यबळ विभागात आहेस. एक काम कर. हा कागद कोणी काढला ते शोध. मला नाव हवंय. अशा माणसाला एकदा टपावर उभं करायचंय.

मामा

*

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं. आधी अभिनंदन. तू कितीही कुरकुर केलीस तरी ही बढती आहे. आई असती तर शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून आली असती.

कागद कोणी काढला, असं एका माणसाचं नाव सांगता येत नाही. अशा गोष्टी अनेक विभाग मिळून करतात. आकडेवारी असते, बाहेरचे सल्लागार असतात, पाच-सहा बैठका होतात. उद्देश वाईट नाही. माणसं तेवढीच आहेत आणि इमारती दुप्पट झाल्यात. प्रत्येकाला सगळं काम यावं, प्रत्येकाने स्वतःची जबाबदारी घ्यावी, एवढंच त्यात आहे.

सुरक्षेचा विचार झालेला आहे. प्रत्येक मेकॅनिकला स्विचला लावायचं स्वतःचं कुलूप मिळणार आहे. आपण स्विच बंद करायचा, कुलूप घालायचं, किल्ली खिशात. मग वर कोणी उभं राहायची गरजच नाही. इतर ठिकाणी असंच करतात.

थोडं सबुरीने घे. मामीचा गुडघा कसा आहे?

तुझी भिंगरी

*

३ मार्च

भिंगरी,

मामीचा गुडघा जिथल्या तिथे आहे. कुलूप कुठे आहे?

तीन दिवस झाले नवी पद्धत सुरू होऊन. कुलूप नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एक पुठ्ठ्याची पाटी दिली आहे, वर सुतळी. "काम चालू आहे, स्विच लावू नये." ही पाटी स्विचला अडकवायची आणि पाच मजले खाली जाऊन टपावर चढायचं. लांब्याने पाटी गळ्यात घालून सगळ्या ऑफिसात फेरी मारली. म्हणाला, "मला कोणी लावू नका." मॅनेजरने त्याला लेखी समज दिली. कुलूप द्यायला वेळ नाही, समज द्यायला आहे.

मी कुलपांसाठी चार अर्ज केले. मॅनेजर म्हणतो खरेदी विभागाला विचारा. खरेदी म्हणतं सुरक्षा विभागाची मंजुरी आणा. सुरक्षा विभागाची चौकट भिंतीवर आहे, तिच्यात लिहिलंय 'पद रिक्त'. माझ्यापासून तिथपर्यंत एक तुटक रेघ जाते. म्हणजे मी एका रिकाम्या खुर्चीच्या हाताखाली आहे, पण तसा नाही.

दिवसभर फोन घेतो आणि तक्ते भरतो. अकरा माणसांच्या रोजच्या भेटी, "जागेवर पाहणी केली", सही. बावीस इमारतींत मी जागेवर कधी जाणार? तक्ता मात्र सोमवारी दहाच्या आत भरलेला लागतो.

मी नाव विचारलं होतं. तू मला 'अनेक विभाग' दिलेस. विभागाला तोंड असतं का? कोणातरी एकाच्या हातात पेन होतं ना?

मामा

*

१० मार्च

मामा,

तुझ्या पत्रांना उत्तर देणं म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहणं झालंय. मी दिवसाचे अकरा तास ऑफिसात असते. इथेही मला वरून ओरडा बसतो आणि घरी आलं की तुझं पत्र.

कुलपांची प्रक्रिया चालू आहे. थोडा वेळ लागेल. मी इथून खरेदी विभागाच्या डोक्यावर बसू शकत नाही.

आणि एक स्पष्ट बोलते. प्रत्येक नवी गोष्ट तुला आधी चूकच वाटते. मोबाइल आला तेव्हा तू तेच म्हणालास, संगणकावर हजेरी आली तेव्हाही तेच. तुला आणि तुझ्या जोडीदाराला एकमेकांची सवय झाली आहे. सवय सुटताना त्रास होतो. त्याला धोका म्हणू नकोस.

भिंगरी

*

२९ मार्च

भिंगरी,

लांब्याचा उजवा पाय गेला. घोट्याच्या वरून कापला.

मंगळवारी साडेअकराला, पाच मजल्यांची दवाखान्याची इमारत. त्याने स्विच बंद केला, पाटी लावली, खाली गेला, टपावर चढला. दाराचा पट्टा घासत होता, तो बसवत होता. खाली चाकाच्या खुर्चीतली एक बाई लिफ्टसाठी थांबली होती, तिचा मुलगा आरडाओरडा करत होता. इमारतीचा रखवालदार बिचारा धावत वर गेला. पाटी सुतळीसकट खाली पडली होती, उपडी. त्याला वाटलं, स्विच आपोआप पडला. त्याने लावला.

डबा वर निघाला. लांब्याने अंग चोरलं, म्हणून बाकीचा वाचला. पाय भिंतीतल्या लोखंडी पट्टीत सापडला. दीड मजला तो तसाच वर गेला. रखवालदाराने किंकाळी ऐकून स्विच पाडला आणि तिथेच खाली बसला.

मी वीस मिनिटांत पोचलो. दार फाकवून त्याला काढला. सहा फूट दोन इंचाचा माणूस, आम्ही चौघांनी उचलला तर हलका लागला. शुद्धीत होता. मला काय म्हणाला सांगू? "बंद म्हणालास का रे तू?"

काल मॅनेजरने बोलावलं. समोर छापलेला कागद. "कर्मचाऱ्याने पाटी नीट अडकवली नाही. निष्काळजीपणा." खाली माझं नाव, क्षेत्र समन्वयक, सहीला जागा. मी म्हटलं, करत नाही. तो म्हणाला, "तो तुमच्या हाताखालचा. त्याचा निष्काळजीपणा नसेल तर मग तुमचा." पाहा कसा बेत आहे. रचनेत जबाबदारी खालीच वाहते.

सत्तावीस एप्रिलला चौकशी समिती बसणार आहे, वरचे तीन जण आणि बाहेरचा एक निवृत्त इंजिनिअर. जोड्या कोणी मोडल्या, तो मूळ कागद मला हवा. आता टाळाटाळ नको.

मामा

*

१४ एप्रिल

माननीय उपव्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,

आपल्याकडून सोळा दिवस उत्तर नाही. आता कारण कळलं.

चौकशीसाठी कागदपत्रांची फाइल मला दाखवली. मूळ प्रस्ताव त्यात आहे. "स्विचपाशी थांबणाऱ्या कर्मचाऱ्याचा वेळ अनुत्पादक आहे." खाली नाव. मी चष्मा पुसला, परत वाचलं. माझ्या बहिणीने ठेवलेलं नाव, पूर्ण, आडनावासकट. शाळेच्या फॉर्मवर ते मीच भरलं होतं.

मी दोन महिने तुलाच विचारत होतो, हा कागद कोणी काढला. आणि तू मला लिहीत होतीस: अनेक विभाग, बैठका, सल्लागार. सबुरीने घे. सवय सुटताना त्रास होतो. लांब्याला सुटली आता सवय, दोन पायांवर चालायची.

तुझं पोट कशावर भरलं? माझी बहीण गेली तेव्हा तू चौदाची होतीस. तुझी फी, तुझी पुस्तकं, तुझी वसतिगृहाची खोली, सगळं टपावर आणि स्विचपाशी उभं राहून आलं. लांब्याने ओव्हरटाइमच्या पाळ्या मला सोडल्या होत्या, "पोरीची परीक्षा आहे" म्हणून. हे तुला मी कधी सांगितलं नाही. चूक झाली. सांगितलं असतं तर निदान तो शब्द लिहिताना तुझा हात अडखळला असता.

पुन्हा 'मामा' लिहून पत्र पाठवू नकोस.

क्षेत्र समन्वयक

*

२० एप्रिल

मामा,

मी तोच शब्द लिहिणार. तू पत्र फाडलंस तर फाड, पण वाचून फाड.

हो, मीच लिहिलं. 'अनुत्पादक' माझा शब्द. संचालकांना आवडला होता, बैठकीत दोनदा वाचून दाखवला. मला अभिमान वाटला. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी टेबलाच्या खणात टाकलं आणि दिवसभर खण उघडला नाही. नंतर जे लिहिलं ते तुला समजावण्यासाठी नव्हतं, स्वतःला समजावण्यासाठी होतं. तू म्हणशील ते मला लागू आहे.

पण प्रस्ताव दोन पानांचा होता. तुला फाइलमध्ये एकच दिसलं असेल. दुसऱ्या पानावर मी अट घातली होती: प्रत्येक मेकॅनिकला कुलूप मिळाल्याशिवाय आणि सुरक्षा अधिकाऱ्याची नेमणूक झाल्याशिवाय जोड्या मोडू नयेत. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "दुसऱ्या पानाने पहिल्या पानाची हवा जाते. ते आपण नंतर आणू." मी म्हटलं, ठीक आहे. एवढंच म्हटलं मी, मामा. मे महिन्यात माझी बढती ठरणार होती. ठीक आहे. दोन शब्द.

ते पान माझ्याकडे आहे, त्यांच्या हस्ताक्षरातल्या 'तूर्त वगळावे' या शेऱ्यासकट. सत्तावीसला मी येते आहे आणि ते समितीसमोर ठेवणार आहे. काल विभागप्रमुखांना तसं सांगितलं. त्यांनी मला भविष्याबद्दल खूप काही समजावलं. मी उठून आले.

आता मला एक विचारायचंय, आणि मीही रागातच विचारते आहे. फाइल मीही पाहिली. त्या मंगळवारच्या तक्त्यावर दवाखान्याच्या इमारतीसमोर लिहिलंय: "जागेवर पाहणी केली. स्विच सुरक्षित." वेळ साडेअकरा. खाली तुझी सही. तू तर वीस मिनिटांनी पोचलास असं मला लिहिलंस.

तू तिथे होतास का?

भिंगरी

*

२४ एप्रिल

भिंगरी,

नव्हतो.

सही सोमवारी सकाळीच केली होती, वेळ वेळापत्रकातून उतरवली होती. अख्ख्या आठवड्याच्या सह्या मी सोमवारी करून टाकत होतो, कारण दहाच्या आत तक्ता भरलेला लागतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक सहीपाशी थांबलो. तिसऱ्या आठवड्यात चहा पीत केल्या.

अजून एक आहे. ते मामीलाही माहीत नाही. मंगळवारी सव्वादहाला लांब्याचा फोन आला होता. म्हणाला, "अरे, या इमारतीत माणसांची फार ये-जा आहे. दहा मिनिटं येतोस का? नुसता स्विचपाशी उभा राहा." माझ्या टेबलापासून तो दवाखाना चालत पंधरा मिनिटं. मी म्हटलं, "मला समन्वयकांची बैठक आहे. पाटी लाव आणि उरक." तो हसला. म्हणाला, "बरं साहेब."

एकोणीस वर्षांत त्याने मला साहेब म्हटलं नव्हतं.

तुझ्यावर जेवढा ओरडलो त्यातलं अर्धं माझं मलाच होतं. पण अर्धंच. बाकीचं तुझं तुझ्याकडे ठेव, ते मी परत घेत नाहीये.

मॅनेजरला माझी सही अजून लक्षात आलेली नाही, किंवा आली असून राखून ठेवली आहे. काही असो. सत्तावीसला मी ते स्वतःच सांगणार. तू आधी बोल, मग मी.

मामा

*

९ मे

भिंगरी,

तू समितीसमोर पान ठेवलंस तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. विभागप्रमुख म्हणाले, "हा कच्चा मसुदा होता, याला काही अर्थ नाही." तू म्हणालीस, "मग त्यावर तुमचा शेरा का आहे?" तो निवृत्त इंजिनिअर चष्मा काढून हसला. माझी पाळी आली तेव्हा मी फोनचं आणि सहीचं सगळं सांगितलं, ते तू ऐकलंसच. बाहेर आलो आणि आपण दोघं जिन्यात उभे राहिलो, आणि दोन दिशांना गेलो. मला तेव्हा बोलता येत नव्हतं. अजून फारसं येत नाही.

निकाल आला. लिहून घे, कारण तुमच्याकडे ते वेगळ्या भाषेत पोचेल. जोड्या परत सुरू, लेखी. निष्काळजीपणाचा तो कागद रद्द; लांब्याचा दोष नाही. खोट्या सह्यांसाठी मला तीन महिने घरी बसवलंय आणि समन्वयकपद काढून घेतलंय. दोन्ही बरोबर आहे. मॅनेजरची बदली. आणि तुमचे विभागप्रमुख? त्यांना दुसऱ्या शाखेचं प्रमुख केलं. वर गेले ते! त्या दिवसापासून मला चहा गोड लागत नाही. पाय गेलेला माणूस खाली, पान काढणारा माणूस वर, आणि भिंतीवर नवा कागद लागलाय, नव्या चौकटी.

माणसांनी मात्र एक केलं. लेखी आदेश यायच्या चार दिवस आधीच उरलेले दहाच्या दहा जण जोडीने जायला लागले. कोणी सांगितलं नाही. मॅनेजरने विचारलं, "कोणाच्या परवानगीने?" तर एक जण म्हणाला, "वरच्याच्या. स्विचपाशी उभा असतो तो."

तुला मालसाठा विभागात टाकलंय असं कळलं. सांभाळ.

मी लांब्याला माझ्या तोंडाने सगळं सांगितलं. फोनचं, सहीचं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी रोज जातो. तो बोलत नाही. मी तरी जातो.

तुझं मी सांगितलं नाही. ते तुझं काम आहे. जा त्याच्याकडे. एकटी जा, मी सोबत येणार नाही.

मामा

*

१८ मे

मामा,

काल जाऊन आले.

त्यांच्या पत्नीने, काकूंनी दार उघडलं. मी नाव सांगितलं. त्यांनी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. बाजूला झाल्या, एवढंच. आतल्या खोलीत ते खिडकीजवळच्या पलंगावर बसले होते. तू सांगतोस तेवढे उंच वाटले नाहीत. पायांवर चादर होती.

मी उभ्यानेच सांगितलं. पाठ करून गेले होते, पण दुसऱ्या वाक्यालाच सगळं विसरले, मग जसं आलं तसं बोलले. पहिलं पान, दुसरं पान, तो शब्द, 'ठीक आहे'. तुझी पत्रं आणि माझी खोटी उत्तरंही. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

माझं संपल्यावर ते माझ्याकडे वळले. मग विचारलं, "लिहिताना तुझ्यासमोर काय होतं?"

मी म्हटलं, "आकडे."

"कसले?"

"किती माणसं, किती तास. त्यातले किती तास माणूस नुसता उभा असतो."

"आणि टपावरचा?"

मी म्हटलं, "तो तक्त्यात नव्हता."

काकू म्हणाल्या, "आता जा तुम्ही." मी वळले. तेवढ्यात ते म्हणाले, "थांब." मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळूच चादर बाजूला केली. पट्टी सकाळीच बदललेली होती. ते म्हणाले, "तेव्हा बघितलं नाहीस. आता बघ."

मी बघितलं, मामा. त्यांनी चादर परत ओढेपर्यंत बघत उभी राहिले. नजर हलवली नाही.

भिंगरी